उंदरांची परीक्षा

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना एखादी उत्तरपत्रिका हाती येते आणि आपण थबकतो. मुलगी वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी, आणि गुण चाळीसपैकी अकरा. तिला येत नाही म्हणावे, तर परवाच तिने तसलेच उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवले होते. येते म्हणावे, तर समोरचा कागद वेगळेच सांगतो. मग या तीन तासांत आपण मोजले ते नेमके काय?

हा प्रश्न शिक्षकांइतकाच आणखी एका मंडळींना छळत आला आहे. प्रयोगशाळेत उंदरांचे शिकणे आणि त्यांची स्मरणशक्ती तपासणारे शास्त्रज्ञ गेली सव्वाशे वर्षे त्याच्याशी झगडत आहेत. त्यांचा विद्यार्थी तर बोलतही नाही. त्याला काय येते हे त्याच्या पळण्यावरूनच ओळखायचे. या परीक्षांचा इतिहास आम्ही वाचायला घेतला तो उंदरांविषयीच्या कुतूहलापोटी. पण वाचता वाचता लक्षात आले, की त्यातला बराचसा भाग परीक्षकांविषयीच आहे.

प्रथम एक खुलासा. इंग्रजीतले 'रॅट' आणि 'माउस' हे दोन वेगळे प्राणी. मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. या लेखातला उंदीर म्हणजे रॅट. गटारांत आणि गोदामांत आढळणाऱ्या तपकिरी उंदराची ही पाळीव जात. प्रयोगशाळेतले बरेचसे उंदीर पांढरे आणि लाल डोळ्यांचे असतात. त्यांचे हे डोळे पुढे एका ठिकाणी आपल्याला लागणार आहेत.

हॅम्प्टन कोर्टची बाग

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर येथे क्लार्क विद्यापीठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे एडमंड सॅनफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. लायनस क्लाइन या तरुण संशोधकाने त्यांना एकदा व्हर्जिनियातल्या आपल्या वडिलांच्या शेतावरची हकीकत सांगितली. तिथल्या एका जुन्या खोपटाच्या ओसरीखाली उंदरांनी घरे केली होती. खणताना जमिनीखाली तीन ते सहा इंचांवर त्यांच्या वाटांचे जाळेच उघडे पडले. ते ऐकून सॅनफर्डना आठवण झाली ती लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या भुलभुलैयाची. सतराव्या शतकाच्या अखेरीस लावलेल्या उंच कुंपणांच्या या बागेत शिरलेला माणूस मध्यापर्यंत पोचायच्या आधी चांगलाच चकतो. तसलाच एक भुलभुलैया उंदरांसाठी का करू नये?

हे काम विलार्ड स्मॉल या विद्यार्थ्याने अंगावर घेतले. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'त त्या बागेचा आराखडा छापलेला होता. स्मॉलने तो चौकोनी करून घेतला आणि सुमारे ८ फूट लांब व ६ फूट रुंद असा भुलभुलैया बांधला. भिंती तारेच्या जाळीच्या, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि मध्यभागी खाऊ. त्याचे निबंध १९०० आणि १९०१ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या फेरीत उंदीर हुंगत, थांबत, बंद बोळांत शिरत हिंडे. पुढे पुढे चुका कमी होत, वेळ झपाट्याने उतरे, आणि शेवटी तो सरळ धावत खाऊपाशी जाई.

स्मॉलची एक गोष्ट आम्हांला फार आवडली. त्याच्याआधी, १८९८ साली, एडवर्ड थॉर्नडाइकने मांजरांना खोक्यात कोंडून दोरी ओढून किंवा कडी दाबून बाहेर पडायला लावले होते. खोक्याची कडी उघडणे हा काही मांजराचा जन्मजात उद्योग नव्हे. स्मॉलचा आग्रह असा, की ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या रोजच्या जगण्याला धरून प्रश्न असावा. बिळात राहणाऱ्या प्राण्याला वाट शोधायला सांगावी.

उंदीर कशाने वाट ओळखतो?

भुलभुलैया लवकरच अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतून पसरला. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ पासून एकसारख्या पांढऱ्या उंदरांची पैदास सुरू झाली आणि विद्यार्थ्यांचा पुरवठाही पक्का झाला. पण उंदीर धावतो तो कशाच्या आधारावर, डोळ्यांच्या, नाकाच्या, की मिशांच्या?

शिकागोच्या जॉन वॉटसनने हे शोधायला जो मार्ग घेतला तो आज वाचताना अंगावर काटा येतो. त्याने एकेका उंदराचे एकेक इंद्रिय काढून टाकले. कुणाचे डोळे गेले, कुणाचे ऐकणे, कुणाचे वास घेणे, कुणाच्या मिशा. वृत्तपत्रांतून त्या वेळीही त्याच्यावर टीका झाली. १९०७ साली त्याने निष्कर्ष काढला, की इतके करूनही उंदीर भुलभुलैया शिकतो, म्हणजे तो शिकतो ते स्नायूंच्या संवेदनेने. इतकी पावले, मग वळण, पुन्हा इतकी पावले. पुढच्याच वर्षी हार्वे कार आणि वॉटसन यांनी पाठ झालेल्या भुलभुलैयाच्या बोळांची लांबी कमी केली, तेव्हा भरधाव उंदीर समोरच्या भिंतीवर जाऊन आपटले. पाढे म्हणताना मधेच अडवले की पुन्हा 'बे एके बे' पासून सुरुवात करणारी मुले आठवा.

यातून शिकण्याचे जे चित्र उभे राहिले, ते पुढे काही दशके अमेरिकेत मानले गेले. शिकणे म्हणजे हालचालींची साखळी, आणि ती साखळी घट्ट करते ते बक्षीस. बक्षीस नाही तर शिकणे नाही. शाळांवरही या मताचा मोठा प्रभाव पडला.

अकराव्या दिवसाचा खाऊ

या चित्राला तडा गेला कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे. तिथे एडवर्ड टोलमन हे प्राध्यापक १९१८ पासून होते. आपल्या १९३२ सालच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी पांढऱ्या उंदराच्या शास्त्रीय नावाच्या आद्याक्षरांना लिहिली, यावरून स्वभावाची कल्पना यावी. (पुढे १९४९ नंतर विद्यापीठाने प्राध्यापकांकडून राजकीय निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा ती नाकारणाऱ्यांच्या पुढे हेच होते. न्यायालयात ते जिंकलेही.)

टोलमन आणि त्यांचा सहकारी हॉन्झिक यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. भुलभुलैयात १४ फाटे. प्रत्येक फाट्यावर एक वाट बरोबर, एक बंद. मागे फिरता येऊ नये म्हणून दारे. उंदरांचे तीन गट, सगळे भुकेले, प्रत्येकाला दिवसाला एक फेरी. पहिल्या गटाला शेवटी रोज खाऊ मिळे. दुसऱ्याला कधीच मिळत नसे. त्यांना नंतर आपल्या पिंजऱ्यात जेवण. तिसऱ्या गटाला पहिले दहा दिवस काही नाही आणि अकराव्या दिवसापासून खाऊ.

दहा दिवस आलेख अपेक्षेप्रमाणे चालले. खाऊवाल्यांच्या चुका भराभर कमी झाल्या. बाकी दोन्ही गट रमतगमत, बंद बोळांत डोकावत फिरत राहिले. त्यांच्या चुका थोड्याशाच उतरल्या. त्या दिवशी कुणी निकाल लावला असता, तर हे दोन्ही गट नापास ठरले असते.

अकराव्या दिवशी तिसऱ्या गटाला पहिल्यांदा खाऊ दिसला आणि बाराव्या दिवशी त्यांच्या चुका धाडकन खाली आल्या. जे पहिल्या गटाला कित्येक फेऱ्यांनी साधले होते तिथे हे एका रात्रीत पोचले. किंबहुना काकणभर पुढेच. एका खाऊने चौदा फाट्यांचे ज्ञान शिकवले, हे तर शक्य नाही. म्हणजे ते दहा दिवस उंदीर शिकतच होते. दाखवायला कारण मात्र नव्हते.

टोलमन यांनी याला 'सुप्त अध्ययन' म्हटले आणि शिकणे व शिकलेले दाखवणे या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात असे सुचवले. आज हे आपल्याला सोपे वाटते. त्या काळी वर्तनवाद्यांनी ते सुखासुखी मान्य केले नाही. भुलभुलैयातून उचलून पिंजऱ्यात नेणे हेच लहानसे बक्षीस नव्हे काय, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. या वादात पुढची वीस वर्षे गेली.

स्नायूंच्या साखळीचीही परीक्षा त्याच वर्षी त्याच विद्यापीठात झाली. मॅकफार्लेनने उंदरांना पाणी भरलेल्या भुलभुलैयात पोहत वाट शिकवली. मग तळ वर उचलला. आता पोहायचे नाही, उथळ पाण्यातून चालायचे. हातपायांच्या हालचाली सगळ्या बदलल्या, तरी वाट चुकली नाही. उंदराने पावले पाठ केली नव्हती, जागा ओळखली होती. १९४८ साली टोलमन यांनी यासाठी मनातल्या नकाशाची कल्पना मांडली. तिच्यासाठी केलेल्या एका प्रयोगात नेहमीची वाट बंद करून सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या अनेक वाटा उंदरांपुढे ठेवल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त उंदीर खाऊच्या दिशेने जाणाऱ्या वाटेला लागले. पण खाऊच्या बाजूला एक दिवा होता! उंदीर नकाशा पाहून गेले की दिवा पाहून, ही शंका टीकाकारांनी काढलीच. प्रश्नपत्रिकेतच उत्तराची खूण राहून गेली होती.

हुशार आणि मठ्ठ

बर्कलीतच रॉबर्ट ट्रायॉन वेगळ्या कामात गुंतले होते. भुलभुलैयात कमी चुका करणाऱ्यांची आपसात आणि जास्त चुका करणाऱ्यांची आपसात पैदास त्यांनी पिढ्यानपिढ्या चालवली. सातव्या पिढीच्या सुमारास दोन्ही गट जवळजवळ पूर्ण वेगळे झाले. १९४० साली हे सविस्तर प्रसिद्ध झाले. 'हुशार' आणि 'मठ्ठ' वाण तयार झाले, बुद्धी रक्तातच असते, असे लोकांनी त्यातून वाचले.

मग १९४९ साली सर्ल यांनी या दोन्ही वाणांना इतर परीक्षा दिल्या. हुशार वाण ट्रायॉनच्या भुलभुलैयात हुशार. इतर काही परीक्षांत मठ्ठ वाण बरोबरीचा किंवा सरस. मठ्ठ म्हटलेले उंदीर यंत्राच्या हलत्या भागांना घाबरत, असेही दिसले. कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी १९५८ साली आणखी पुढचे दाखवले. लहानपणापासून खेळणी, चढउतार, बोगदे असलेल्या पिंजऱ्यात वाढवले तर हुशार आणि मठ्ठ वाणांत फरक जवळपास उरत नाही. ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढवले तरी उरत नाही, कारण दोघेही सारखेच अडखळतात.

यानंतरचा प्रयोग प्रत्येक शिक्षक-खोलीत एकदा तरी वाचला जावा, असे आम्हांला वाटते. रॉबर्ट रोझेंथल आणि केर्मिट फोड यांनी तो १९६३ साली प्रसिद्ध केला. नॉर्थ डकोटा विद्यापीठातल्या बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. काम सोपे होते. इंग्रजी 'टी' अक्षरासारखा भुलभुलैया, एक बाजू पांढरी, दुसरी करडी. करडीकडे गेल्यास खाऊ. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितले, की तुमचे उंदीर हुशार वाणाचे. निम्म्यांना सांगितले, मठ्ठ वाणाचे. प्रत्यक्षात सगळे साधे, एकाच प्रकारचे होते. चिठ्ठ्या नुसत्याच लावलेल्या.

पाच दिवसांनी 'हुशार' उंदीर खरोखरच पुढे होते. 'मठ्ठ' उंदीर तर कित्येकदा सुरुवातीच्या जागेवरून हललेच नाहीत. विद्यार्थी लबाडी करत होते काय? मुख्य कारण वेगळेच असावे. हुशार समजल्या गेलेल्या उंदरांना आपण जास्त वेळा आणि जास्त हळुवार हाताळले, ते आपल्याला आवडत होते, असे त्या विद्यार्थ्यांनीच प्रश्नावलीत नोंदवले होते. आणि उंदराला हात कळतो. घाबरलेला उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसतो, निर्धास्त उंदीर हिंडतो. चिठ्ठी वाचता येत होती ती फक्त माणसाला, पण ती उंदरापर्यंत पोचली.

रोझेंथल यांनी त्याच वर्षी एका लेखाच्या शेवटी सहज लिहिले, की शाळेत शिक्षकांच्या अपेक्षांचे असेच होत असेल काय? कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी तो वाचून त्यांना पत्र पाठवले. त्या पत्रातून झालेला अभ्यास १९६८ साली पुस्तकरूपाने आला. चिठ्ठ्या टाकून निवडलेली सुमारे २० टक्के मुले यंदा बुद्धीने बहरणार, असे शिक्षकांना सांगितले होते. पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची बुद्धिमापनातली प्रगती खरोखरच जास्त निघाली.

हा अभ्यास जगभर गाजला, पण तो सांगताना दुसरी बाजू बहुधा गाळली जाते. वापरलेली बुद्धिमापन चाचणी लहान मुलांसाठी विश्वासार्ह नव्हती, अशी कडक टीका त्याच वर्षी रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी केली. मांजरांना खोक्यात कोंडणाऱ्या एडवर्ड थॉर्नडाइक यांचेच हे चिरंजीव. वरच्या वर्गांत परिणाम फारसा नव्हताच. नंतरच्या अनेक अभ्यासांचे सार असे, की शिक्षकांच्या अपेक्षांचा परिणाम होतो, पण सर्वसाधारणपणे तो लहान असतो. उंदरांचा प्रयोग जास्त स्वच्छ होता, हे मान्य करायला हवे.

दुधाळ पाण्यातली परीक्षा

सत्तरच्या दशकापर्यंत परीक्षक शहाणे झाले होते. परीक्षेत कुठून काय झिरपते, हे त्यांना कळू लागले होते. बाल्टिमोरच्या डेव्हिड ओल्टन आणि रॉबर्ट सॅम्युअलसन यांनी १९७६ साली चाकाच्या आऱ्यांसारख्या आठ वाटांचा भुलभुलैया वापरला. प्रत्येक वाटेच्या टोकाला खाऊचा एक दाणा. एकदा खाल्लेल्या वाटेवर पुन्हा जाणे फुकट, म्हणजे कुठे जाऊन आलो हे लक्षात ठेवायला हवे. पहिल्या आठ निवडींत उंदीर सरासरी सातांहून जास्त वेगवेगळ्या वाटा निवडत. पण स्वतःच्याच वासावरून ते ओळखत असतील तर? मग वाटांवर आफ्टरशेव्ह लोशन शिंपडले. उंदीर तरीही चुकले नाहीत.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज येथे रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली वास आणि खाऊ दोन्ही काढून टाकले. सव्वा मीटरहून थोडा रुंद गोल हौद, त्यात दूध मिसळून गढूळ केलेले कोमट पाणी, आणि पृष्ठभागाखाली जेमतेम एक सेंटीमीटर एक लहानसा चौथरा. उंदीर उत्तम पोहतो, पण त्याला पाण्यात राहायचे नसते. म्हणून बाहेर पडायची इच्छा सगळ्यांना सारखीच. चौथरा दिसत नाही, पाण्यात वासाचा माग उरत नाही. खोलीतल्या दार, खिडकी, कपाट यांच्या संदर्भानेच तो सापडू शकतो. काही फेऱ्यांनंतर हौदात कुठूनही सोडले तरी उंदीर काही सेकंदांत तिथे पोचे.

दोन जोडपरीक्षा आम्हांला विशेष वाटतात. एकीत चौथरा पाण्याच्या वर दिसता ठेवतात. तोही जर उंदराला सापडत नसेल, तर अडचण स्मरणाची नसून डोळ्यांची किंवा पोहण्याची आहे. पांढऱ्या उंदरांची नजर अधू असते, त्यामुळे हे पाहणे भागच असते. (फळा दिसत नसलेल्या मुलाला आपण किती दिवस आळशी म्हणत असतो!) दुसरीत चौथरा काढूनच टाकतात. उंदराला आठवत असेल, तर तो हौदाच्या त्याच भागात पुन्हा पुन्हा घिरट्या घालतो. उत्तरच नसलेल्या प्रश्नातून त्याला काय येते ते कळते.

१९८२ साली याच हौदाने दाखवले, की मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी झालेले उंदीर दिसता चौथरा गाठतात, लपलेला शिकू शकत नाहीत. याच हिप्पोकॅम्पसमध्ये लंडनच्या जॉन ओकीफ यांना १९७१ साली विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. टोलमन यांचा नकाशा मेंदूत सापडू लागला होता. या कामाबद्दल ओकीफ यांना, मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासह, २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरी परीक्षक परीक्षेबाहेर गेला असे नाही. १९९९ साली अमेरिका व कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच वाणांच्या छोट्या उंदरांना (हे मात्र माउस) एकाच वयात, एकसारख्या उपकरणांनी, त्याच दिवशी, त्याच परीक्षा दिल्या. काही परीक्षांचे निकाल तिन्ही ठिकाणी स्पष्ट वेगळे आले.

वर्गात उंदीर आणण्याची गरज नाही, आणि आणू नयेत. त्याऐवजी जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून दहाबारा फाट्यांचा भुलभुलैया करा. प्रत्येक फाट्यावर एक सुतळी थोडे जाऊन संपेल, दुसरी पुढे जाईल. डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या मुलाने बोटाने सुतळी चाचपत शेवटापर्यंत जायचे, दुसऱ्याने चुका मोजायच्या. दहा फेऱ्यांचा आलेख काढा. मग निम्म्या मुलांना पुठ्ठा अर्धवर्तुळ फिरवून द्या आणि पाठ झाली होती ती बोटाची वळणे, की वाटेचा नकाशा, हे आलेखावरून त्यांनाच ठरवू द्या. नोंदवहीत फेरी, चुका आणि वेळ यांच्याशेजारी मोजणाऱ्याच्या नावाचाही रकाना ठेवा.